कापड कुठल्या मागाचं?

इचलकरंजीत एक मेंडिंगवाली होती. मागावरून उतरलेला कापडाचा तागा काचेच्या उतरत्या टेबलावरून ओढायचा, काचेखाली ट्यूब पेटलेली, आणि कापडात कुठं धागा तुटलाय, कुठं गाठ आलीय, कुठं तेलाचा डाग पडलाय ते हुडकून काढायचं, हे तिचं काम. गाठ चिमट्यानं उचलायची, कात्रीनं टोक उडवायचं, नखानं धागे सारखे करायचे की पुढचा मीटर. मजुरी मीटरवर.

या कामात तिची नजर अशी बसली होती की तागा कुठल्या मागाचा, हे ती नुसतं कापड बघून सांगायची. काठाजवळ बारीक भोकांची रांग दिसली की म्हणायची, “चार नंबर. टेंपल घट्ट बसवलाय, जॉबरला सांगा.” टेंपल म्हणजे विणताना कापड रुंदीत ताणून धरणारा भाग, जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. ठरावीक अंतरावर तेलाचे थेंब आले की, “अकरा नंबर.” कारखान्यातली नवी पोरं गंमत म्हणून ताग्यांवरच्या चिठ्ठ्या बदलून ठेवायची. ती काही न बोलता त्या परत जागच्या जागी लावायची.

तिला दोन मुली. थोरलीला घरीदारी सगळे थोरलीच म्हणत. पोरगी हुशार निघाली, गावातच टेक्स्टाईल इंजिनिअर झाली आणि पुढचं शिकायला इंग्लंडला जायचं तिनं मनावर घेतलं. पैशांचा प्रश्न होताच. पण अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती असते, हे तिला ठाऊक होतं. त्यासाठी आधी विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात हवं आणि प्रवेशपत्रासाठी अर्ज हवा. अर्जातले बाकीचे रकाने तासाभरात भरून झाले. अडलं ते एका कागदावर. त्याला पर्सनल स्टेटमेंट म्हणतात. हा विषय तुम्हाला का शिकायचाय आणि तुम्ही त्याला लायक का आहात, हे स्वतःच्या शब्दांत सांगायचं. मर्यादा ५०० शब्द.

थोरलीचं पहिलं लिखाण १,४०० शब्दांचं झालं. सुरुवात होती १७३३ सालापासून. त्या वर्षी लँकेशायरच्या जॉन के यांनी धावता धोटा काढला. मग आलं १७८५ साल आणि एडमंड कार्टराइट यांचा यंत्रमाग. मग १९०४ साल : विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर का म्हणतात, ते. एवढं सांगून होईपर्यंत पाचशे शब्द संपले होते आणि थोरलीचा अजून जन्म व्हायचा होता.

मग तिनं इतिहास काढून टाकला. इंटरनेटवरचे नमुने वाचले, फोनमधल्या एआयला दोन-चारदा विचारलं, इकडचं वाक्य तिकडं केलं आणि मजकूर बरोबर ५०० शब्दांत बसवला. इंग्रजी असं गुळगुळीत की कुठं बोट ठेवायला जागा नाही. तिला बरं वाटलं.

तिच्यासोबत आणखी दोघं अर्ज करत होते. एक सोलापूरचा. त्याच्या घरी आजोबांपासून चादरीचे माग. वर्गात सगळे त्याला सोलापूरकर म्हणत. दुसरा गावातल्याच एका सायझिंगवाल्याचा, म्हणजे ताण्याला खळ लावून देणाऱ्या कारखानदाराचा पुतण्या, त्याचं नाव पडलं होतं मालक. तिघांनी आपापलं स्टेटमेंट लिहिलं आणि एका संध्याकाळी तिघं मिळून झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेली.

दुकान अरुंद, वर पंखा फुल. दुकानदारानं तिन्ही पानं काउंटरवर ठेवली आणि सुट्टे शोधायला खाली वाकला. तेवढ्यात पानं उडाली. एक स्टुलाखाली, एक दारात, एक थेट पायरीवर. तिघांनी गोळा केली आणि बघत बसले. पानांवर नाव नव्हतं. नाव अर्जात वेगळ्या रकान्यात भरायचं असतं.

“माझं ते, लहानपणापासून मला वस्त्रांचं आकर्षण होतं, असं सुरू होतं ते,” मालक म्हणाला.

“माझंपण तसंच सुरू होतं,” सोलापूरकर म्हणाला.

थोरलीनं एक पान उचललं आणि वाचत सुटली. जिद्द होती, जिज्ञासा होती, संघभावना होती, शाश्वत विकासाचा ध्यास होता, आपल्या नामांकित विद्यापीठातल्या जागतिक दर्जाच्या सोयी होत्या. हे आपलंच म्हणून तिनं घडी घातली. मग शंका आली म्हणून शेवटची ओळ बघितली. शेवटी सुभाषित होतं, ते तिनं घेतलेलं नव्हतं. पान सोलापूरकराचं निघालं. अखेर पेनड्राइव्ह परत लावून तिन्ही फायली उघडल्या आणि ओळीला ओळ लावून कुणाचं पान कुठलं ते ठरवलं.

“फोटो तरी चिकटवत जा रे,” दुकानदार म्हणाला.

हसून सगळे बाहेर पडले. पण थोरलीच्या मनातून ते जाईना. एकानं दुसऱ्याचं बघून लिहिलेलं नव्हतं. तिघं वेगवेगळ्या घरांत बसून, रात्री जागून, आपापल्या अकलेनं एकच पान लिहून आले होते.

दुसऱ्या दिवशी ती निवृत्त झालेल्या एका मॅडमकडे गेली. सोबत ही दोघंही होती. मॅडम स्वतः इंग्लंडात शिकून आलेल्या, आणि गावातल्या पोरांचे अर्ज वाचून द्यायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं. त्यांनी चष्मा लावला, तिन्ही पानं वाचली, एकावर एक ठेवली आणि विचारलं, “पायजम्याची गोष्ट माहीत आहे का?”

कुणालाच माहीत नव्हती.

“ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज यूकॅस नावाच्या एका संस्थेमार्फत जातात. २००७ साली त्यांनी सुमारे ५०,००० अर्जांतली स्टेटमेंट कॉम्प्युटरला तपासायला लावली. ऑक्सफर्ड-केंब्रिजला जाणारी, डॉक्टर होऊ बघणारी, अशी सगळी हुशार मुलं. त्यांतल्या २३४ जणांच्या आयुष्यात एकच प्रसंग घडलेला निघाला. आठव्या वाढदिवशी रसायनांच्या खेळण्याशी खेळताना पायजम्याला भोकं पडली आणि तेव्हापासून विज्ञानाची गोडी लागली.”

पोरं हसली.

“हसू नका. १७५ जणांना एक म्हातारे आजारी आजोबाही सापडले होते. आता मला सांगा, त्या २३४ जणांत एखाद्याचा पायजमा खरंच जळला असेल, तर त्याचं कोण खरं मानणार?”

“पण मॅडम, आम्ही चोरलेलं नाही,” मालक म्हणाला.

“नाही ना. तुम्ही ते स्वतः तयार केलंय. वाचणाऱ्याला त्यानं काय फरक पडतो?”

थोरली म्हणाली, “पाचशे शब्दांत बसवायचं म्हटल्यावर असंच होतं. सांगायचं खूप असतं, जागा नसते.”

मॅडम म्हणाल्या, “जागा सगळीकडे एवढीच असते. यूकॅसवर ४,००० अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. २०२६ च्या प्रवेशांपासून त्याचेही त्यांनी तीन प्रश्न केलेत : हा विषय का, अभ्यासातून तयारी काय झाली, अभ्यासाबाहेर काय केलंत. बरं, तेच लिखाण पाचही विद्यापीठांना जातं, त्यामुळे एकाचं कौतुक केलं तर बाकीचे चार वाचतात. अमेरिकेत कॉमन ॲपवरून अर्ज केलात तर निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. कॅलिफोर्निया विद्यापीठ आठ प्रश्न पुढं ठेवतं, त्यांतले चार निवडायचे, एकेकाला ३५० शब्द. कुठंही कुणी चरित्र मागत नाही. मार्क मार्कलिस्टमध्ये असतात. स्वभाव चांगला आहे हे शिफारसपत्रात दुसरे लिहितात. या दोन्ही कागदांत जे नाही तेवढंच इथं लिहायचं. त्याला पाचशे शब्द पुष्कळ होतात.”

“मग काय लिहायचं?”

“ते मी कसं सांगू? मी सांगितलं तर तिघं परत एकच लिहून आणाल.” मॅडमनी पानं परत दिली. “एक करा. घरी जा आणि हे मराठीत वाचून दाखवा. इंग्रजीत सगळंच भारदस्त वाटतं. आईसमोर मराठीत म्हणताना जे वाक्य तोंडातून निघायला लाजेल, ते खोटं आहे असं समजा.”

त्या रात्री जेवणं झाल्यावर थोरलीनं आईला तिन्ही पानं वाचून दाखवली. मित्रांची पानं तिनं मागून आणली होती. कुणाचं कुठलं ते सांगितलं नाही. वाक्य इंग्रजीत वाचायची आणि मराठीत सांगायची. आई धाकटीच्या फ्रॉकची शिवण घालत ऐकत होती.

“आता सांग, यातलं माझं कुठलं?”

आईनं सुई थांबवली. “तीन कुठं हाईत? एकच हाय की. तू तीनदा वाचलंस.”

थोरली गप्प बसली. मग जरा चिडूनच म्हणाली, “तू तागा बघून माग सांगतीस. मग लेकीचं पान तुला कळंना?”

“कापड बघून माग कळतोय ते कशानं?” आई म्हणाली. “चार नंबरची भोकं, अकरा नंबरचं तेल. काय तरी खूण असती म्हणून कळतंय. गिऱ्हाइकाला बिनखुणेचं कापड पाहिजे असतंय म्हणून मी त्या खुणा काढते. तुझ्या मास्तरांना कापड नकोय, पोरगी पाहिजे. आणि तू समदं मेंडिंग करून पाठवालीस.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आईनंच विचारलं, “तुझी ती वही कुठं हाय? पट्ट्यांची?”

ती वही कपाटाच्या वर होती. शेवटच्या वर्षाला असताना थोरली सुट्टीच्या दिवशी आईला जेवणाचा डबा द्यायला जायची आणि टेबलाशी बसून राहायची. तेव्हा एकदा आईनं ताग्यावर बोट ठेवून विचारलं होतं, “हा पट्टा बघ. लाईट गेली आणि माग बंद पडला की येतोय, एवढं मला ठावं हाय. पण कधी ठसठशीत येतोय, कधी पुसट. असं का गं? तू इंजिनिअर होणार न्हवं?”

पट्टा म्हणजे कापडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत गेलेली आडवी ओळ. तिथं बाणा, म्हणजे आडवा धागा, दाट तरी बसलेला असतो किंवा विरळ तरी. व्यापारी तो बघून पैसे कापतो. मेंडिंगमध्ये गाठ काढता येते, पट्टा काढता येत नाही. थोरलीनं पुस्तकात कारण शोधलं. माग थांबला की ताण्यावरचा, म्हणजे उभ्या धाग्यांवरचा, ताण हळूहळू सैल पडतो आणि विणलेल्या कापडाची कड जागची हलते. माग परत सुरू झाला की पहिले बाणे नेहमीच्या ठिकाणी ठोकले जात नाहीत. शिवाय पहिल्या एक-दोन फेऱ्यांत माग पूर्ण वेगातही नसतो. एवढं पुस्तकात होतं. पण आईनं विचारलं होतं ते वेगळं : कधी ठसठशीत, कधी पुसट, असं का?

म्हणून तिनं वही घातली. कुठला माग, किती वेळ बंद होता, ताणा कशाचा, पट्टा कसा. लाईट थोडा वेळ गेली असेल तर पट्टा पुसट यायचा. माग रात्रभर बंद राहिला तर हमखास ठसठशीत. मात्र एका मागावर रात्रभराच्या बंदनंतरही पट्टा शोधावा लागायचा. त्या मागावरचा म्हातारा कामगार माग सुरू करायच्या आधी कापड गुंडाळणारं दातेरी चक्र हातानं दोन दात मागं घ्यायचा. का घेतोस म्हणून विचारलं तर म्हणाला, “माझा बा घ्यायचा.” थोरलीनं इतर मागांवरही तसं करायला लावलं. काहींवर फरक पडला, काहींवर नाही. कापसाच्या ताण्याला जे चालत होतं ते पॉलिस्टर मिसळलेल्या ताण्याला चालत नव्हतं. किती वेळ बंद असला तर किती दात मागं, याचं एकच एक कोष्टक तिला बसवता आलं नाही. ताण मोजायचं यंत्र तिच्याकडे नव्हतं. मग परीक्षा आली आणि वही वर गेली.

“त्यात काय लिहिण्यासारखं आहे?” थोरली म्हणाली. “नुसते पट्टे मोजलेत. शेवटी उत्तर तरी कुठं आलं?”

“मग आणि कुणी मोजलेत का?” आई म्हणाली आणि सुई परत चालू केली.

थोरलीनं लाल पेन घेतलं. आपलं पान पुढं ओढलं आणि एकेका वाक्याला एकच प्रश्न विचारायला लागली : हे वाक्य मालकाच्या पानावर चालेल का? ‘लहानपणापासून मला आकर्षण होतं’, चालेल. खोड. ‘मी मेहनती आणि जिज्ञासू आहे’, चालेल. मालक काही आळशी आहे असं लिहिणार नव्हता. खोड. ‘वस्त्रोद्योग भारतात लाखो लोकांना रोजगार देतो’, खरं आहे, पण ते थोरलीच्या असण्या-नसण्यावर अवलंबून नाही. खोड. ‘आपलं विद्यापीठ जगात नामांकित आहे’, हे त्यांना माहीत आहे. खोड. ‘या अभ्यासक्रमामुळे माझं क्षितिज रुंदावेल’, कुठल्याही अभ्यासक्रमानं कुणाचंही रुंदावेल. खोड.

खोडून झालं तेव्हा पाचशेतले चाळीसएक शब्द उरले. पदवीचं वर्ष, प्रकल्पाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव. तिला पहिल्यांदा लख्ख दिसलं : विद्यापीठानं दिलेली जागा कमी नव्हती, त्या जागेत तिनं स्वतःचं घातलेलंच कमी होतं.

मग तिनं वही उघडून लिहायला घेतलं. पहिली दोन वाक्यं अशी उतरली : ‘माझी आई मेंडिंगचं काम करते. तिनं मला विचारलेल्या एका प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्याकडे आहे.’ पुढं पट्टा, वही, म्हातारा कामगार, दोन दात, कापूस आणि पॉलिस्टर. कुठं अडलं तेही लिहिलं. हात सुटला तशी पानं भरत गेली आणि मजकूर परत नऊशे शब्दांवर गेला.

ते तिनं दुसऱ्या दिवशी आईला वाचून दाखवलं. मध्ये एक परिच्छेद होता : आई कशी दिवसभर उभी असते, तिचे डोळे कसे दुखतात, पगारात घर कसं भागत नाही, दोघी पोरींसाठी तिनं काय काय सोसलं. वाचताना थोरलीचा आवाज जड झाला.

आई म्हणाली, “हे काढ.”

“का? खरं आहे ना?”

“खरं हाय म्हणून कुणालाबी सांगायचं व्हय? मी कामाला जाते. त्यांची दया नकोय मला. मी तुला काय विचारलं ते सांग त्यास्नी. मला काय दुखतंय ते सांगून तुला ॲडमिशन मिळालं, तर ते माझ्या डोळ्याला मिळालं, तुझ्या डोस्क्याला न्हाई.”

परिच्छेद गेला. ‘माझी आई मेंडिंगचं काम करते’ हे वाक्य तेवढं राहिलं आणि त्या एका वाक्यात जेवढं कळायचं तेवढं कळत होतं.

आता नऊशेचे पाचशे करायचे ते वेगळ्या रीतीनं. आता खोडायचं ते परकं नव्हतं, आपलंच होतं. मॅडमनी एवढंच सुचवलं : वाचणारा कोण आहे ते आठव. वाचणारा कापडातला प्राध्यापक. त्याला ताणा आणि बाणा म्हणजे काय ते सांगायला नको. ती तीन वाक्यं गेली. पट्टा का येतो याचं पुस्तकातलं कारण त्यानंच कदाचित शिकवलं असेल. तेही एका वाक्यावर आलं. ‘अत्यंत’, ‘खरोखर’, ‘मनापासून’ हे शब्द काढले तरी वाक्यांचं काही बिघडलं नाही. एकच गोष्ट दोनदा सांगितली होती तिथं एक ठेवली. इतर स्पर्धा, शिबिरं, प्रमाणपत्रं यांतलं फक्त एक राहिलं, कारण तिथं ती ताण मोजायचं यंत्र पहिल्यांदा हाताळायला शिकली होती. उरलेल्या जागेत तिनं लिहिलं की या अभ्यासक्रमात धाग्यांच्या वागणुकीचा जो विषय आहे आणि जी प्रयोगशाळा आहे, तिथं उरलेलं अर्धं उत्तर शोधता येईल असं तिला का वाटतं. त्यात विद्यापीठाची स्तुती नव्हती. पण तिनं अभ्यासक्रम नीट वाचलाय, हे कुणालाही कळलं असतं.

शब्द झाले ४८७. उरलेले तेरा भरून काढायचा मोह तिला झाला. मॅडम म्हणाल्या, “पाचशे ही मर्यादा आहे, वर्गणी नाही.”

सोलापूरकरानंही आपलं पान नव्यानं लिहिलं. त्याचे आजोबा चादरीवरच्या नक्षीसाठी जेकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे. एक भोक चुकलं की मोराची मान तुटते, आणि ती चूक कुठल्या पुठ्ठ्यात आहे हे शोधता शोधता त्याला कॉम्प्युटरचा प्रोग्राम समजला होता. हे त्यानं आधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नव्हतं. मालकानं मात्र काही बदललं नाही. “एवढं चांगलं इंग्रजी आहे, कशाला हात लावा?” म्हणाला आणि तेच पाठवलं.

पुढं तिघांनाही व्हिडिओ कॉलवर मुलाखतीला बोलावलं, प्रत्येकाला आपापल्या विद्यापीठातून. मालकाच्या स्टेटमेंटमध्ये एका जाडजूड पुस्तकाचं नाव होतं; त्यानं म्हणे त्याची दृष्टीच बदलली होती. प्राध्यापकानं सहज विचारलं, “त्यातलं कुठलं प्रकरण तुला पटलं नाही?” मालकानं ते पुस्तक पाहिलेलंही नव्हतं. कॉल लवकर संपला.

थोरलीला मार्कांबद्दल कुणी विचारलं नाही. प्राध्यापकबाईंनी विचारलं, “पॉलिस्टर मिसळलेल्या ताण्यावर दोन दात मागं घेऊनही पट्टा राहिला, असं तू लिहिलंयस. का राहिला असेल?”

“नक्की सांगता येणार नाही,” थोरली म्हणाली. “माझा अंदाज आहे की तो धागा ताण सोडतो ती चाल कापसापेक्षा वेगळी असावी. पण मी ताण मोजलेला नाही, पट्टे बघितलेत. तेच शिकायला यायचंय.” मग तिनं वही कॅमेऱ्यासमोर धरली. बोलणं ठरल्या वेळेपेक्षा लांबलं, आणि बहुतेक वेळ बाईच बोलत होत्या.

तिला प्रवेशपत्र आलं. सोलापूरकराला एका ठिकाणी नकार आला, दुसऱ्या ठिकाणी जागा मिळाली. मालक त्या वर्षी राहिला. पुढच्या वर्षी त्यानं परत अर्ज केला, तेव्हा लिहिण्याआधी तो चार महिने काकांच्या सायझिंगमध्ये मशीनवर उभा राहिला. पावसाळ्यात ताण्याला लावलेली खळ नीट वाळत नाही, धागे एकमेकांना चिकटतात आणि मागावर तुटतात. त्यावर काकांनी आणि कामगारांनी काय काय करून बघितलं आणि त्यातलं काय फसलं, ते त्यानं लिहिलं. इंग्रजी पहिल्याएवढं गुळगुळीत नव्हतं. मॅडमनी ते वाचलं आणि वर नाव नसूनही म्हणाल्या, “हे मालकाचं.”

तात्पर्य : थोडक्यात लिहायचं म्हणजे सगळं आयुष्य बारीक करून कोंबायचं नव्हे. जे वाक्य दुसऱ्या कुणाच्याही नावावर खपेल ते आधी काढा, मग ते कितीही सुंदर असो. जे फक्त तुम्हीच पाहिलं, केलं आणि विचारलं, तेवढंच सांगा. उत्तर अर्धं असलं तर अर्धंच सांगा. त्याला दिलेली जागा नेहमी पुरते.